जड डिस्क, लोखंडी फाटक

झुझुनाच्या अंगणाला फाटक नाही. सिमेंटचे दोन खांब तेवढे उभे आहेत, बिजागऱ्यांचे वाकलेले गज त्यांच्यातून बाहेर आलेत, आणि मधल्या मोकळ्या वाटेनं गावभरची डुकरं, वासरं, टर्की खुशाल तिच्या मक्यात शिरतात. झुझुना कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावते, एखाद्या डुकराच्या पाठीत सणसणीत घालते, त्याच्या मालकाचा उद्धार करते आणि परत ओसरीवर येऊन बसते. फाटक बसवून घे, असं तिला सांगायची गावात कोणाची टाप नाही. खरी गोष्ट ज्यांना माहीत आहे ते तर त्या खांबांकडे बघायचंही टाळतात.

बाईचा हात पहिल्यापासून चालायचा. चहाचा कारखाना चालू होता तेव्हा पानं तोलणाऱ्या मुकादमानं काटा मारला, म्हणून तिनं काट्यावरचं वजन उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. त्याचे पुढचे दात गेले आणि झुझुनाची नोकरी गेली. तिच्या मते हिशेब बरोबर झाला. लग्नात नवऱ्याच्या मामानं तिच्या माहेरच्या वाइनला नावं ठेवली, तर नवरीच्या पोशाखातच तिनं वाइनचा घडा त्याच्या डोक्यात फोडला. आमच्या गुरिया प्रांतातली माणसं मुळातच तापट. बोलतात भरभर आणि चिडतात त्याहून भरभर. पण त्या गुरियातही झुझुनाचं नाव निघालं की माणसाचा हात आपसूक स्वतःच्या गालावर जातो. नवरा तेंगिझ तिच्यापुढं जपून असायचा. कारखाना बंद पडल्यावर ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं; तेंगिझनं चहा वाळवायच्या यंत्राचे जाडजूड पत्रे आणि गज आणले आणि घराला फाटक करून घातलं. रणगाडा आला तरी माघारी जाईल, असं तो म्हणायचा. पुढं दारूनं तेंगिझ गेला. फाटक राहिलं आणि मुलगा बाचाना राहिला.

बाचाना आईच्या अगदी उलट. कुणावर हात उगारणं सोडा, त्यानं कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. कुणाकडून तरी जुना कॅमेरा आणि लॅपटॉप मिळवून तो गावातली लग्नं, बारशी, मयती आणि ईस्टरचा चेंडूचा खेळ, सगळं टिपून ठेवायचा. स्वतः कायम कॅमेऱ्यामागं. त्यामुळं एवढ्या सगळ्या चित्रणात त्याचं तोंड एकदाही दिसत नाही. आवाज मात्र ऐकू येतो. काका, जरा सरका. नवरीनं इकडं बघा. आई, मध्ये येऊ नकोस. तो गेला त्या वर्षीच्या ईस्टरचा चेंडू त्यानं स्वतःच्या अंगणातल्या अक्रोडावर बसून टिपला, आणि तेच त्याचं शेवटचं काम. हिवाळ्याच्या तोंडाशी तो बातुमीला एका उंच इमारतीच्या कामावर गेला, तिथं परांची तुटली. ठेकेदार स्वतः शवपेटी घेऊन आला आणि खांदा द्यायला पुढं झाला. झुझुनानं त्याला पेटीच्या शेजारीच धरलं आणि त्याचं नाक मोडलं. चौघांनी मिळून सोडवला म्हणून बिचारा गाडीत बसू शकला. बिचारा म्हणतो खरं, पण परांचीचे दोर कुजके आहेत हे त्याला ठाऊक होतं, तेव्हा नाकावर भागलं हेच त्याचं नशीब.

हिवाळाभर झुझुनानं लॅपटॉपला हात लावला नाही. ईस्टरच्या आधीच्या उपासांत एका संध्याकाळी तिला वाटलं, आता त्याचा आवाज ऐकला नाही तर आपण कुणाचा तरी जीव घेऊ. तिनं लॅपटॉप उघडला. आतून कटकट, कटकट असा आवाज आला, पडदा उजळला आणि तसाच गोठून बसला. तिनं तो मिटला, शालीत गुंडाळला आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, तालुक्याच्या बाजारात नोदारच्या दुकानात नेला.

जाणं तिच्या जिवावर आलं होतं, कारण नोदार खालच्या गावचा. वर्षभर वरचं गाव आणि खालचं गाव एकमेकांत मुली देतात, ट्रॅक्टर देतात, एकमेकांच्या मयतीला जेवतात. पण ईस्टर जवळ आला की काडेपेटी मागितली तरी मिळत नाही. ईस्टरच्या रविवारी सोळा किलोचा चामड्याचा चेंडू दोन्ही गावांच्या मध्ये पडतो, आणि जे गाव तो आपल्या ओढ्यापलीकडं नेईल ते जिंकतं. नियम असा एकही नाही. जिंकलेला चेंडू त्या वर्षी गेलेल्या आपल्या माणसाच्या थडग्यावर ठेवायचा, आणि तो मान जन्माचा असतो. दोन वर्षांपूर्वी त्याच गर्दीत झुझुनाच्या धाकट्या भावाच्या, ओतियाच्या, कानाचा लचका तोडणारा माणूस हाच नोदार. त्या तुटक्या कानाकडं बघतच झुझुना भावाला दर रविवारी जेवायला वाढायची.

नोदारनं लॅपटॉप कानाशी धरला आणि मान हलवली. आतली डिस्क मरायला टेकली आहे, फार तर आणखी एकदा नीट चालेल, त्या एका वेळात सगळं दुसरीकडं उतरवून घ्यायला हवं, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क तिच्यापुढं ठेवल्या. एक काळी, जाड, विटेसारखी. दुसरी साबणाच्या वडीएवढी, पातळ. झुझुनानं दोन्ही दोन हातांत घेऊन तोलल्या. आमच्याकडं कलिंगड असो, कोंबडी असो की जावई असो, तोलून बघितल्याशिवाय घरात घेत नाहीत.

नोदार पातळ डिस्क घे म्हणाला. जड डिस्कच्या पोटात एक तबकडी गरगर फिरत असते, तिला धक्का चालत नाही. पातळ डिस्कमध्ये फिरणारं काहीच नाही, हातातून पडली तरी बिघडत नाही. शिवाय ती लॅपटॉपच्या ह्या छोट्या लांबोळक्या भोकात जोडली की काम तासाभरात उरकतं.

"हलका माल वरच्या गावाच्या गळ्यात मारतोस होय रे?" झुझुना म्हणाली.

"काकू, हा चेंडू नाहीये. जड असून करायचंय काय?"

"खालच्या गावाला जड झेपत नाही, ते आम्हाला माहिती आहे."

दुकानात आणखी दोघं होते, ते हसले. नोदारचे कान लाल झाले. खरं तर तो कळकळीनं सांगत होता. बाचानानं त्याच्या बहिणीच्या लग्नाचं चित्रण केलं होतं आणि एक दमडीही घेतली नव्हती. पण ईस्टरच्या आदल्या दिवशी खालच्या गावचा माणूस वरच्या गावच्या बाईला खरं बोलेल, हे झुझुनाच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. तो उजवीकडं म्हणाला की आपण डावीकडं जायचं, एवढं तिला जन्मापासून पाठ. तिनं जड डिस्क पिशवीत टाकली.

"बरं बाई," नोदार म्हणाला. "मग निदान हिच्यासोबतची हीच वायर लाव, आणि ह्या निळ्या भोकात. एकदा सुरू झालं की बंद करायचं नाही, हलवायचं नाही. घर हललं तरी हा लॅपटॉप जाईल."

"माझं घर हलवणारा अजून जन्मायचाय," असं म्हणून ती निघाली. वायरीबद्दल त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण ऐकून घ्यायला ती दारात नव्हती.

त्या संध्याकाळी वारा सुटला आणि गावाची वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, विजेशिवाय तो चालत नव्हता. रात्रभर चर्चमध्ये मेणबत्त्या लावून उभं राहून झालं, सकाळी लाल अंडी फोडून झाली, तरी वीज नाही. दुपारी एकदाची आली तेव्हा झुझुनानं टेबलावर लॅपटॉप मांडला, हळूच चालू केला आणि डिस्कबरोबरची वायर हातात घेतली. ती जेमतेम वीतभर निघाली. त्या वायरीनं जोडायचं तर डिस्क टेबलावर, उष्ट्या ताटलीशेजारी ठेवावी लागणार. ते तिच्या मनाला पटेना. घरात जे मोलाचं असेल ते भिंतीवरच्या फळीवर, बाचानाच्या फोटोखाली, दिव्यापाशी ठेवायचं ही तिची रीत होती. तिनं मोबाईलची लांब वायर काढून बघितली. डिस्कच्या रुंद भोकाच्या अर्ध्यात ती घट्ट बसली आणि डिस्कचा दिवाही लागला. वायर ती वायर. झुझुनानं डिस्क फोटोखाली ठेवली, वरून क्रूस काढला आणि नोदारनं दाखवलं तसं करून काम सुरू केलं.

पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. तासाभरानं झुझुनानं बघितलं तर पट्टीचा एक कोपराच काय तो भरलेला. संध्याकाळ होणार हे तिला कळलं, आणि संध्याकाळी चेंडू.

चेंडूच्या दिवशी गावातली सगळी फाटकं उघडी ठेवायची असतात. माणसांचा लोंढा कुठून जाईल ते सांगता येत नाही, आणि त्याच्या वाटेत बंद फाटक आलं तर पुढची माणसं त्यावर चिरडतात. म्हणून त्या दिवशी कडी लावणाऱ्या घरावर थुंकतात. आमची घरं लाकडाची, खांबांवर उभी. लोंढा खालून गेला की फळीवरची भांडी नाचतात. शेजारच्या लामाराच्या घरात तर एकदा शेगडी पडून पडदे पेटले होते. तरी कुणी तक्रार करत नाही. झुझुनाचं अंगण तर वरच्या गावाच्या ओढ्याला जायची सगळ्यात जवळची वाट.

ती ओतियाकडं गेली. तिथं मेजवानी चालू होती, आणि बाचानाच्या नावानं वाइनचे पेले उचलले जात होते, कारण गावानं ठरवलं होतं की यंदा जिंकलो तर चेंडू बाचानाच्या थडग्यावर. ओतियानं भाच्याला लहानपणी खांद्यावरून खाली उतरू दिलं नव्हतं. आता त्याच खांद्यांवर तो चेंडू घेणार होता. झुझुनानं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि लोंढा माझ्याकडं वळवू नकोस म्हणाली. ओतिया हसला. चर्चच्या अंगानं नेतो, ताई, तुझ्या फाटकाला बोटही लागणार नाही, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. त्याचा शब्द खरा होता. पण लोंढ्याला शब्द कळत नाही, हे दोघांनाही कळायला हवं होतं.

ऊन कललं. पाद्रीबाबांनी चेंडूवर वाइन ओतली, बंदुकीचा बार झाला आणि दोन्ही गावं एकमेकांवर कोसळली. दहा मिनिटांत चेंडू दिसेनासा झाला. दिसत होती नुसती वाफ, आणि त्या वाफेतून वर येणारे हात, फाटके सदरे, रक्तानं भरलेली तोंडं. एकाचं बोट उलटं वळलं, तो ते धरून बाहेर आला, त्याच्या बायकोनं ते ओढून सरळ केलं आणि तो पुन्हा आत घुसला. कुंपणं कागदासारखी आडवी झाली. एका म्हाताऱ्यानं कुंपणाखाली दबलेल्या खालच्या गावच्या माणसाला आधी बाहेर काढलं आणि मग त्याच्या कानशिलात ठेवून दिली. बायका उंचवट्यांवर उभ्या राहून नवऱ्यांना शिव्या घालत होत्या, ढकल रे मेल्या, खाताना बरा ढकलतोस.

झुझुना तिथं नव्हती. ती घरात लॅपटॉपसमोर उभी होती. पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली होती. आवाज जवळ येऊ लागला तसं तिनं खिडकीतून बघितलं. चर्चच्या वाटेवर खालच्या गावानं माणसांची भिंत केली होती, आणि लोंढा तिकडून दबून इकडं, दोन दरडींमधल्या अरुंद बोळात वळला होता. बोळाच्या टोकाला तिचं फाटक, मग अंगण, मग ओढा.

ती खाली उतरली, फाटक ओढलं, अडसर घातला आणि कुऱ्हाडीचा दांडा घेऊन उभी राहिली. शेजारच्या उंचवट्यावरून लामारानं ते बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. झुझुना, अगं आपली माणसं येतायत, असं ती म्हणाली असेल. गोंगाटात काहीच ऐकू गेलं नाही.

लोंढा येऊन फाटकावर आदळला. तेंगिझचं काम पक्कं होतं. पत्रा गरजला, खांब थरथरले, फाटक हललं नाही. सगळ्यात पुढं ओतिया होता, चेंडू पोटाशी कवटाळलेला. त्याच्या मागं वरचं गाव रेटत होतं, कारण ओढा समोर दिसत होता, आणि फाटक बंद आहे हे मागच्यांना दिसत नव्हतं. खालचं गाव बाजूंनी लोंबत होतं, केस ओढत होतं, कोपर घालत होतं. ओतियाचं तोंड गजांवर दाबलं गेलं. गालाचं कातडं फाटलं.

"ताई, उघड."

"थांबव त्यांना. थोडंच राहिलंय."

"कोणाला थांबवू? उघड, मेलो मी."

कुणीतरी फाटकावर चढलं आणि अडसराकडं हात घातला. झुझुनानं दांडा घातला. बोटं मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला, आणि तो हात आपल्याच गावातल्या माणसाचा होता हेही दिसलं. दुसरा हात आला, तिनं त्यावरही घातला. तिसरा डोकं घेऊन आला, त्याच्या कपाळावर दांडा बसला आणि तो मागं पडला. ती मारत होती आणि रडत होती. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं, आणि तरी वर खोलीत ती पट्टी सरकतेय एवढ्या एकाच गोष्टीला ती धरून होती.

"बाचानासाठीच चाललाय हा चेंडू," ओतिया म्हणाला. त्याचा श्वास आत जात नव्हता. "त्याच्यासाठीच गं."

"त्याला चेंडू नको. मला त्याचा आवाज पाहिजे."

मागून आणखी एक रेटा आला. सोळा किलोचा चेंडू ओतियाच्या छातीत घुसला, पाठीमागं शेदीडशे माणसं आणि पुढं लोखंड. काहीतरी मोडलं. ओतियाच्या तोंडून हवा निघून गेली, डोळे पांढरे झाले आणि त्याचे हात सुटले. चेंडू खाली घसरला. तो उचलला नोदारनं. त्याच्या नाकातून रक्त वाहत होतं, एक डोळा बंद झाला होता. त्यानं गजांतून झुझुनाकडं एकदा बघितलं, मग वर तिच्या खिडकीतल्या निळसर उजेडाकडं, आणि चेंडू घेऊन मागं वळला. खालचं गाव त्याच्याभोवती जमलं. अडकून दमलेलं वरचं गाव वळेपर्यंत ते उताराला लागले होते. अंधार पडायच्या आत खालच्या ओढ्यावर बंदुकीचे बार झाले.

फाटकापाशी ओतिया पडला होता. लामारा आणि दोघं-तिघं त्याला उचलत होते. झुझुना अडसर काढून पुढं झाली, तर त्यानं जमिनीवरूनच हात आडवा केला, येऊ नकोस असा. त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. त्याला नेलं. जाताना एकेक माणूस फाटकासमोर थांबला, थुंकला आणि पुढं गेला. झुझुनानं एकालाही मारलं नाही.

ती वर गेली. पट्टी भरली होती. लॅपटॉप एकदा कटकटला आणि कायमचा बंद पडला, पण डिस्कमध्ये सगळं उतरलं होतं. ती डिस्क छातीशी धरून जमिनीवर बसली.

ईस्टरनंतरच्या सोमवारी सगळी माणसं आपापल्या थडग्यांवर जातात, लाल अंडी ठेवतात, वाइन ओततात. झुझुना बाचानाच्या थडग्यावर एकटी बसली. शेजारच्या थडग्यांवर जेवणं चालली होती, पण तिला कुणी पेला दिला नाही. खालच्या गावच्या स्मशानातून गाण्याचा आवाज येत होता. तिथं चेंडू कुठल्या तरी म्हाताऱ्याच्या थडग्यावर ठेवला होता.

दुकान उघडल्यावर ती नोदारकडं गेली. डिस्क आणि मोबाईलची वायर दोन्ही काउंटरवर ठेवली. नोदारचा डोळा अजून जांभळा होता. त्यानं वायर बघितली आणि कपाळाला हात लावला.

"ही लावलीस? ही अर्ध्या भोकातच बसते, काकू. हमरस्ता सोडून पांदीनं आणलंस सगळं. माझी वायर लावली असतीस तर चेंडू पडायच्या आधीच काम झालं असतं." तो थांबला, मग त्याच्यातलं खालचं गाव जागं झालं. "माझं ऐकलं असतंस तर आम्ही हरलो असतो."

झुझुनानं काउंटरवरून हात लांब करून त्याच्या मुस्काटात सणसणीत मारली. त्यानं गाल चोळला, आपल्याकडची तशीच वीतभराची वायर काढून डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. कुठलं लावू म्हणून विचारलं. शेवटचं, ती म्हणाली.

गेल्या वर्षीच्या ईस्टरचा चेंडू. अक्रोडावरून दिसणारं तिचं अंगण, फाटक, बोळातून येणारा लोंढा. फाटकापाशी झुझुना स्वतः, गंजलेल्या अडसराशी झटत असलेली. गेल्या वर्षी तो घट्ट बसला होता आणि शेवटच्या क्षणी सुटला, हे तिला आठवत होतं. अक्रोडावरून कुणी काही बोललं होतं, हे आठवत नव्हतं, कारण त्या गलक्यात तिला ते ऐकूच आलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून तो बोलला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला होता.

"आई, फाटक उघड. लवकर उघड गं, ओतियामामा चिरडतोय. आई, उघड."

नोदारनं हात पुढं करून ते थांबवलं. झुझुनानं त्याचा हात बाजूला सारला आणि पुन्हा लावायला सांगितलं. किती वेळा, ते तिनं मोजलं नाही आणि त्यानंही नाही. मग नोदारनं तेवढा तुकडा तिच्या मोबाईलमध्ये घालून दिला.

ती थेट ओतियाकडं गेली. तो पट्ट्या बांधून उशीला टेकून बसला होता. बहिणीला बघून त्यानं तोंड भिंतीकडं केलं. ती बसली नाही, माफीही मागितली नाही, ती भाषा तिला येत नव्हती. तिनं मोबाईल त्याच्या उशीवर, तुटक्या कानाशी ठेवला आणि लावला. भाच्याचा आवाज खोलीत आला. ओतियानं तो शेवटपर्यंत ऐकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हुंदका देताना बरगड्या दुखल्या म्हणून तो कण्हला.

"माझं नाही ऐकलंस ते जाऊ दे, ताई," तो म्हणाला. "त्याचं तरी ऐकायचं होतंस."

झुझुना घरी आली. तिनं तेंगिझचा घण काढला आणि बिजागऱ्यांवर घालायला सुरुवात केली. लोखंडावर लोखंडाचे ते घाव गावभर ऐकू जात होते, पण कुणी आलं नाही. हाताची कातडी सोलली, दांडा रक्तानं निसटू लागला, तेव्हा तिनं झग्याला हात पुसले आणि पुन्हा घाव घातले. संध्याकाळपर्यंत फाटक अंगणात आडवं झालं. ते तिनं ओढत, थांबत, पुन्हा ओढत ओढ्यापर्यंत नेलं आणि लोटून दिलं. ते अजून तिथंच आहे, त्यावरून बायका ओढा ओलांडतात.

पुढच्या ईस्टरला लोंढा तिच्याच अंगणातून गेला. मक्याचं नुकतं रुजलेलं शेत तुडवलं गेलं, जिन्याच्या पायऱ्या मोडल्या, फळीवरून बाचानाचा फोटो खाली पडून फुटला. ती दोन खांबांच्या मध्ये, बाजूला, दांडा टेकवून उभी होती. ओतिया बरगड्यांमुळं खेळत नव्हता, तो तिच्या शेजारी उभा होता. वरचं गाव जिंकलं. त्या वर्षी गावात एक म्हातारी गेली होती, चेंडू तिच्या थडग्यावर ठेवला. बाचानाचं वर्ष उलटून गेलं होतं, त्याच्या थडग्यावर आता तो कधीच येणार नव्हता. रिवाज तो रिवाज, त्यासाठी कुणाला दोष देता येत नाही.

झुझुनानं घरात येऊन काचा गोळा केल्या, फोटो पुन्हा फळीवर टेकवला आणि त्याच्याखाली जड डिस्क ठेवली. ती आता क्वचितच ती जोडते. त्या डिस्कमध्ये गावातली सगळी लग्नं, बारशी, मयती आहेत, आणि सगळीकडं तो हळू आवाजात बोलतो, सरका, बघा, मध्ये येऊ नकोस. तिला मात्र ऐकू येतं ते एकच.